अंगठा लावायच्या आधी

पत्र (नाव-गाव गाळून, थोडं आवरून):

"माझे मिस्टर ३० वर्षांचे आहेत. कुपवाड एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये (पत्रा कापायच्या प्रेस मशीनच्या शेडमध्ये) ठेकेदारामार्फत पाच वर्षं कामाला आहेत. पगार १४ हजार. मागच्या महिन्यात सेकंड शिफ्टला प्रेस डबल पडला आणि उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळापासून गेली. ठेकेदारानं मिरजेला खाजगी दवाखान्यात नेलं, बिल त्यानंच भरलं. घरी आल्यावर केसपेपर बघितला तर त्यावर 'घरी कडबाकुट्टीत हात सापडून जखम' असं लिहिलंय. आमच्याकडं म्हैस नाही, शेळी नाही, कडबाकुट्टी कुठली? आता तो म्हणतोय, ४० हजार देतो, बरं झाल्यावर पॅकिंगला हलकं काम देतो, फक्त पाचशेच्या स्टॅम्पवर 'माझी काही तक्रार नाही' एवढं लिहून द्या. सही येत नसंल तर अंगठा लावा म्हणाला, अंगठा तर शाबूत आहे. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, चूक माझीच, बटण मीच बांधलं होतं. आता धाकटा दीर त्याच प्रेसवर उभा राहतोय. शनिवारी ठेकेदार स्टॅम्प घेऊन येणार आहे. काय करू?"

ताई,

अंगठा लावू नका, सहीही करू नका. हे शनिवारच्या आधी तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून बाकीची पत्रं मागं ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसलोय.

तुमच्या पत्रात तीन शब्द तुम्ही घाईत लिहून पुढं गेलात. "प्रेस डबल पडला." मी तिथंच थांबलो. माझा जन्म कारखान्यांत सेफ्टीचं काम करण्यात गेला. हे शब्द ऐकले की मी आधी कामगाराकडं बघत नाही, क्लचकडं बघतो.

प्रेसच्या अंगाला ते मोठं चाक फिरत असतं ना, फ्लायव्हील, सगळी ताकद त्यात साठलेली असते. बटण दाबलं की क्लचची 'की', म्हणजे चाक आणि शाफ्ट जोडणारी लोखंडी खुंटी, खाचेत शिरते, चाक शाफ्टला धरतं, रॅम म्हणजे वरचा जड ठोकळा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जातो. वर गेल्यावर ती 'की' सुटली पाहिजे आणि रॅम थांबला पाहिजे. एक दाब, एक ठोका. पण ती 'की' झिजली, तिची स्प्रिंग मेली किंवा ब्रेकचं लायनर गुळगुळीत झालं की रॅम वर थांबत नाही. कोणी बटण दाबलेलं नसताना पुन्हा खाली येतो. यालाच आपल्याकडं डबल पडणं म्हणतात. माणसाला वाटतं ठोका झाला, आता थांबला, म्हणून तो जॉब, म्हणजे कापलेला नग, काढायला हात घालतो, आणि हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, असतानाच दुसरा ठोका येतो. असल्या जुन्या क्लचच्या प्रेसमध्ये एकदा ती 'की' अडकली की मधे थांबवायची सोय नसते. बटण सोडा नाहीतर मोटार बंद करा, ठोका पुरा होणारच.

आता बटणाकडं या. दोन बटणं असतात ती दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय रॅम सुटू नये म्हणून. एक बटण ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि नग भराभर पडतात. हे वाईटच, त्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण मिस्टर सांगतात तसा प्रेस डबलच पडला असेल, तर त्या ठोक्याचा आणि बांधलेल्या बटणाचा काय संबंध? दोन्ही बटणं सुटी असती, त्यांनी दोन्ही हातांनी नेमानं दाबली असती आणि मग जॉब काढायला हात घातला असता, तरी तो दुसरा ठोका त्याच बोटांवर पडला असता. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. दवाखान्यातनं आल्यापासून माणूस "माझीच चूक" म्हणून भिंतीकडं तोंड करून पडला असेल, तर दोनदा वाचा.

आणि बटण तरी त्यांनी हौसेनं बांधलं का? त्यांना विचारा, शिफ्टचं टार्गेट किती होतं आणि ते कोणी ठरवलं? दोन्ही हातांनी बटण दाबून, चिमट्यानं जॉब काढून तो आकडा सुपरवायझरनं एक दिवस गाठून दाखवावा. नाही गाठता येणार. तो आकडाच बांधलेल्या बटणावर काढलेला असतो.

हे मी फार वरून बोलत नाहीये. एका कारखान्यात राउंडला असताना मी स्वतः बांधलेलं बटण बघितलंय. काळी ट्यूब, दोन वेढे, वर गाठ. महिनाअखेर होती, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती. "उद्या बघू" म्हणून पुढं गेलो. त्या पोराची दहाही बोटं आज जागेवर आहेत, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. सांगायचं एवढंच की ती गाठ सगळ्यांना दिसते. सेटरला दिसते, सुपरवायझरला दिसते, खंडेनवमीला मालक स्वतः येऊन त्याच प्रेसला हळदीकुंकू वाहतात, हार घालतात, तेव्हा त्यांनाही दिसते. नारळ दर वर्षी फुटतो, क्लचची 'की' मात्र बदलली जात नाही.

एक पळवाट सांगून ठेवतो, कारण समोरचा वकील तीच काढणार. कामगारानं जाणूनबुजून गार्ड किंवा सुरक्षेचं साधन काढलं असेल, तर काही प्रकरणांत मालक भरपाई नाकारू शकतो, असं भरपाईच्या कायद्यात आहे. पण तसं झालं हे मालकानं सिद्ध करावं लागतं, आणि रोज डोळ्यांसमोर चालू दिलेली गोष्ट कामगाराच्या एकट्याच्या गळ्यात घालणं सोपं नसतं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर हा प्रश्न आणखी हलका होतो. मालकाच्याच कामासाठी, मालकाच्याच धंद्यात माणूस राबत होता, तर नियम मोडला तरी तो कामावरचाच अपघात धरतात. म्हणून मिस्टरांनी "चूक माझीच" हे गावभर सांगत फिरू नये आणि कुठल्याही कागदावर तर मुळीच लिहू नये. खोटं बोला असं मी म्हणत नाही. कोणी विचारलं तर चार गोष्टी सांगायच्या: बटण बांधलं होतं, रोज सगळेच बांधतात, सुपरवायझरसमोर बांधतात, आणि प्रेस डबल पडला. यातलं पहिलंच सांगून गप्प बसू नये.

आता तुमच्या घरातल्या त्या नसलेल्या कडबाकुट्टीचं. ज्यानं ते लिहवून घेतलं त्याला डोकं आहे. आपल्या भागात कडबाकुट्टीत बोटं जातात हे खरं आहे, त्यामुळं केसपेपर वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. पण त्या एका ओळीनं सगळं पुसलं जातं. जखम घरची म्हणजे कामावरची नाही. मग अपघाताच्या रजिस्टरात नोंद नाही, सरकारी तपासणी नाही, भरपाईही नाही. ४० हजाराच्या स्टॅम्पपेक्षा मला ही ओळ जास्त घातक वाटते, म्हणून पहिलं काम तिचं.

दवाखान्यात लेखी अर्ज द्या. मजकूर साधा असू दे: "दि. अमुक रोजी दुसऱ्या शिफ्टमध्ये कंपनीत पॉवर प्रेसवर काम करताना प्रेस डबल पडून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली. दाखल करताना सोबतच्या माणसानं अपघाताची हकीकत चुकीची सांगितली. माझ्या घरी कडबाकुट्टी नाही. माझा हा जबाब माझ्या कागदपत्रांत नोंदवावा." दुसऱ्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं, पोचपावती लावून पाठवा. जुनी ओळ खोडायला सांगू नका, खोडलेला कागद उलटा आपल्यावरच येतो. खाली आपली ओळ चढली की बास. सोबत सगळ्या कागदांची प्रत मागा: केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. ऑपरेशन नोट नीट वाचून घ्या कोणाकडून तरी. कडबाकुट्टीचं पातं कापतं, प्रेस चेचतो. हाडाचा चुरा, चेचलेलं मांस असं सर्जननं लिहिलं असेल तर त्याच्याच कागदात त्याच्याच केसपेपरला उत्तर आहे.

बाकी पुरावा तुमच्या मोबाईलमध्येच असेल. त्या दिवशीची हजेरी, कोणाचा फोन किती वाजता आला, कोणाच्या गाडीतून नेलं, ग्रुपवर कोणी काय टाकलं. प्रेस डबल मारतोय असं मिस्टरांनी किंवा दुसऱ्या कोणी आधी कधी सांगितलं होतं का? सुपरवायझरला व्हॉइस मेसेज केला होता का? तो मेसेज सोन्यासारखा जपा, दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. आणि दवाखान्याच्या बिलाची पावती कोणाच्या नावाची आहे, पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते बघा. बोटं जर तुमच्या घरच्या कडबाकुट्टीत गेली, तर बिल ठेकेदारानं कशाला भरलं? या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नाही.

बिल भरलं म्हणून तुम्हाला त्याच्या उपकाराचं ओझं वाटतंय, हे पत्राच्या सुरावरून कळतं. कामावरच्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च मालकानं द्यायचा, असं कायद्यातच आहे. त्यानं स्वतःचं देणं दिलं.

आता पैशाचं. पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयची कपात आहे का बघा. कामगाराकडून पाऊण टक्का कापतात, म्हणजे १४ हजारांवर १०५ रुपये. कपात असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, ठेकेदारानं अपघाताचा रिपोर्ट, फॉर्म १२, भरलाय का विचारा. कडबाकुट्टीवरून मी सांगतो, भरलेला नसेल. तरी तुम्ही स्वतः लेखी कळवू शकता. हाताला विश्रांती सांगितलेल्या दिवसांचे सरासरी मजुरीच्या ९० टक्के दरानं पैसे मिळतात. नंतर मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व किती ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते, ती जन्मभर. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात २० टक्के धरतात. तुमच्या पगारावर ते महिन्याला साधारण अडीच हजार होतात. मिस्टर ३० वर्षांचे आहेत, पुढची वर्षं तुम्हीच मोजा. कामावरच्या अपघाताला किती महिने वर्गणी भरली अशी अट नसते. नावच नोंदवलेलं नसेल तरी तसंच सोडू नका, कार्यालयात तक्रार करा. नोंदणी न करणं हा मालकाचा गुन्हा, कामगाराचा नाही.

त्या कारखान्याला ईएसआय लागूच नसेल तर भरपाईचा दावा. दोन्ही एकदम मिळत नाहीत, एकच काहीतरी. भरपाईचं गणित उघड आहे, घरी करता येतं. पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ८,४००. वयाप्रमाणं एक आकडा असतो, तिशीच्या माणसाला २०७.९८. गुणाकार केला की १७ लाख ४७ हजार आणि वर काही. त्याचे २० टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ४९ हजार रुपये. आता ठेकेदाराचे ४० हजार याच्या शेजारी ठेवून बघा. ही रक्कम महिन्याभरात द्यायची असते, उशीर झाला तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवली तर वर दंडही बसू शकतो. कामगाराच्या हक्कावर पाणी सोडायला लावणारा असा कागद मुळात कायद्याला मान्य नाही. पण "मुळात मान्य नाही" हे कोर्टात सांगत बसण्यात वर्षं जातात, म्हणून तो करूच नये. १९२३चा भरपाईचा कायदा आणि १९४८चा ईएसआय कायदा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेत, ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. त्यामुळं कोणी तुम्हाला "तो कायदा आता राहिला नाही" म्हणालं तर घाबरू नका. नाव बदललं, देणं राहिलंच. अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा ते वकील बघेल.

वकिलाला पैसे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न असणार. सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट या दोघांना लावत नाहीत. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा देशभरचा फोन नंबर. दावा ठेकेदारावर एकट्यावर करू नका, कंपनीलाही त्यात ओढा. माणूस ठेकेदाराचा असला तरी काम कंपनीचं होतं, प्रेस कंपनीचा होता, आणि भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ठेकेदार उद्या बोर्ड बदलून दुसऱ्या नावानं उभा राहील, शेड काही जागची हलत नाही.

मिस्टरांचं काम जाईल ही भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. पण पॅकिंगच्या हलक्या कामाचा शब्द तोंडी आहे आणि "तक्रार नाही" हे मात्र स्टॅम्पवर हवंय, यावरून काय ते ओळखा. तोवर हाताकडं लक्ष द्या. टाके निघाले म्हणजे झालं असं नसतं. उरलेली बोटं आखडतात, म्हणून डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी लवकर सुरू करा. गेलेल्या बोटांच्या जागी मुंग्या येतात, कधी तिथं बोट आहे असंच वाटतं. असं झालं तर ते वेडबिड नाहीत, पुष्कळांना होतं. हात खिशात घालून हिंडायला लागले तर हसू नका आणि रागवूही नका.

दिराचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तो प्रेस दुरुस्त न करता त्याला उभं केलंय का? त्याला सांगा, एकदा जरी डबल पडला तरी मोटार बंद करून बाजूला व्हायचं आणि सुपरवायझरला लेखी नाहीतर मोबाईलवर कळवायचं, म्हणजे तारीख राहते. मोटार बंद केली म्हणजे प्रेस थांबला असं नाही, चाक पुढं बराच वेळ फिरतं, ते पुरतं थांबेपर्यंत डायमध्ये हात घालायचा नाही. जॉब चिमट्यानं नाहीतर मॅग्नेटनं काढायचा. मंद दिसतं, पोरं चेष्टा करतात, करू देत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय म्हणून सरकारी खातं आहे. प्रेस नंबर, क्लच डबल पडतो, गार्ड नाही, बटणं बांधलेली असतात, एवढं लिहून तिथं तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवा असंही लिहिता येतं. लहान शेड आहे, माणसं कमी आहेत, आम्हाला कारखान्याचा कायदा लागत नाही, असं मालक सांगतात. रजिस्टरवर १८ आणि शेडमध्ये ३०, हा प्रकार मी भरपूर बघितलाय. खरंच कमी असली तरी भरपाईचा हक्क त्यावर अडत नाही.

आणि देव न करो, पण तिथल्या प्रत्येकाला एक माहीत असू दे. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, बर्फानंच ते मरतं. आपल्या हाताशी मिरज आहे, जोडणारा सर्जन मिळू शकतो. तुमच्या मिस्टरांची बोटं कुणी उचलली होती का, हे मी विचारत नाही.

शनिवारी घरात एकट्या राहू नका. माहेरचं कोणी, शेजारची शिकलेली पोर, कोणीतरी सोबत असू दे. ठेकेदार आला की भांडायचं नाही, ३ लाख ४९ हजाराचा आकडाही काढायचा नाही. "केसपेपरवर चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त व्हायला दिलंय, झाल्यावर बघू" एवढंच बोला. स्टॅम्प वाचायला मागा आणि जमलं तर फोटो काढून घ्या, त्यावर त्यानं स्वतःच कंपनीचं नाव आणि अपघाताची तारीख लिहिलेली असायची शक्यता आहे. तसं असेल तर कडबाकुट्टी तिथंच मोडली. चहा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.